आडवी स्लाइड, उभा कागद : प्रेझेंटेशनच्या चौकटीची कुळकथा

१/
पॉवरपॉइंट उघडले की समोर येणारी कोरी स्लाइड आडवी असते. त्याच संगणकावर वर्ड उघडले तर कोरे पान उभे असते. दोन्ही एकाच कंपनीची, दोन्हींत मजकूर आणि चित्रेच मांडायची. मग एक आडवे आणि दुसरे उभे का? आजचा धागा या एका प्रश्नाचा आहे.

२/
आपल्याकडे यासाठी ‘उभे’ आणि ‘आडवे’ असे दोन सरळ शब्द आहेत. इंग्रजीने मात्र ते चित्रकाराच्या दालनातून उचलले. उभे ते पोर्ट्रेट, म्हणजे व्यक्तिचित्र. आडवे ते लँडस्केप, म्हणजे निसर्गदृश्य. माणूस उभा, क्षितिज आडवे. नावे सुंदर आहेत, पण काहीशी फसवी. पानाची दिशा त्यावरच्या विषयावरून ठरते असा समज त्यांतून होतो. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा हाताशी असलेल्या सामग्रीने आणि यंत्राने ठरवलेली आढळते.

३/
याचे घरचे उदाहरण म्हणजे पोथी. ताडपत्र मुळातच लांब आणि अरुंद, म्हणून ओळ लांबीच्या दिशेने लिहिली गेली. पुढे कागद आला. कागद हवा तसा कापता येतो, तरीही पोथी आडवीच राहिली. त्यानंतर छापखाने आले आणि छापील पोथ्याही आडव्या, सुट्या पानांच्याच निघाल्या. आजही गुरुचरित्राची किंवा शिवलीलामृताची अशी पोथी पूजासाहित्याच्या दुकानात सहज मिळते. ताडपत्र गेले, त्याचा आकार मागे उरला.

४/
याहून बोलके उदाहरण पश्चिम भारतातील जैन कल्पसूत्राच्या कागदी हस्तलिखितांत आहे. ताडपत्रे एकत्र बांधण्यासाठी मध्ये भोक पाडून दोरी ओवत असत आणि त्या भोकाभोवतीची जागा मजकुराविना सोडत. कागदी पानांना दोरीची गरज उरली नव्हती. तरीही लेखनिक ती मोकळी जागा सोडत राहिले आणि तिच्यात रंगीत टिकली काढू लागले. हे नसलेले भोक लक्षात ठेवावे. पुढे पॉवरपॉइंटच्या यादीत ते पुन्हा भेटणार आहे.

५/
त्याच काळात महाराष्ट्रात दुसरी परंपरा उभ्या कागदाची होती. मोडी पत्रे अरुंद, उंच कागदावर लिहिली जात. कागद पुरला नाही तर खाली आणखी एक बंद चिकटवायचा आणि मजकूर पुढे न्यायचा. वरच्या भागात शिक्का, अखेरीस मोर्तब. म्हणजे धर्मग्रंथ आडवे आणि राज्यकारभार उभा, असे दोन्ही आकार एकाच समाजात नांदत होते. कोणताही एक ‘नैसर्गिक’ नव्हता.

६/
आता कागदावरून पडद्याकडे वळू. काचेवरचे चित्र प्रकाशाने भिंतीवर मोठे करून दाखवणारा जादूचा कंदील सतराव्या शतकातला. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयगन्सने १६५९ मध्ये अशा कंदिलासाठी सांगाड्याची चित्रे रेखाटली होती. दोनशे वर्षांत हे खेळणे व्याख्यानाचे साधन झाले. ‘स्लाइड’ हा शब्दही याच काळातला: काच कंदिलाच्या खाचेतून सरकवायची, म्हणून ती स्लाइड.

७/
महाराष्ट्राच्या वाचकांना इथे कल्याण आठवेल. १८९० च्या दशकात महादेव गोपाळ पटवर्धन यांनी हाताने रंगवलेल्या काचांचे खेळ सुरू केले आणि त्याला नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’. शांबरी म्हणजे माया, शंबरासुराची विद्या. पौराणिक कथांतील पात्रे पडद्यावर हलल्याचा भास निर्माण करणारे हे प्रयोग, ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला त्याच्याही आधीपासूनचे. मराठी प्रेक्षकाने पाहिलेल्या पहिल्या स्लाइड्स शोधायच्या तर आधी या काचांपाशी थांबायला हवे.

८/
धाग्याच्या दृष्टीने कळीची गोष्ट वेगळीच आहे. ब्रिटनमध्ये रूढ झालेली कंदिलाची काच सव्वातीन इंच लांब आणि सव्वातीन इंच रुंद होती. पूर्ण चौरस. अमेरिकी काच सव्वातीन बाय चार इंचांची, म्हणजे किंचित आयताकार. चौरस काचेत चित्र उभे बसवा वा आडवे, कंदिलाला फरक पडत नाही. काच ना इकडची ना तिकडची.

९/
आडवेपणाचा पहिला ठोस आग्रह फिल्मने आणला. सिनेमाची ३५ मिलिमीटर फीत यंत्रातून वरून खाली सरकते आणि तिच्यावरील प्रत्येक चौकट साधारण २४ मिलिमीटर रुंद व १८ मिलिमीटर उंच असते. जर्मनीतील वेट्झलार येथे लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाकने १९१३-१४ च्या सुमारास हीच फीत एका छोट्या कॅमेऱ्यात आडवी चालवली. एका चौकटीच्या जागी दोन चौकटी घेतल्या आणि २४ बाय ३६ चा आकार तयार झाला. हाच लायका, १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत जगापुढे आला.

१०/
लायका दोन्ही हातांत सहज धरला की छायाचित्र आडवे येते. उभे हवे तर कॅमेरा मुद्दाम फिरवावा लागतो. एवढ्याशा गोष्टीने विसाव्या शतकातील बहुसंख्य छायाचित्रांची दिशा ठरवली, असे मला वाटते. १९३६ मध्ये कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म या आकारात मिळू लागली आणि रंगीत स्लाइडचे युग सुरू झाले.

११/
तरीही स्लाइडची बाहेरची चौकट, ती पुठ्ठ्याची वा प्लास्टिकची, चौरसच राहिली: दोन इंच बाय दोन इंच. १९६१ च्या कोडॅक कॅरसेल प्रोजेक्टरच्या गोल थाळीत उभ्या आणि आडव्या स्लाइड्स शेजारी शेजारी बसत. एका व्याख्यानात कुतुबमिनार उभा आणि ताजमहालाचा परिसर आडवा दाखवता येई, आणि त्यासाठी कुणाला काही ‘सेटिंग’ बदलावे लागत नसे. पडदेही बहुधा चौरस असत. जुन्या महाविद्यालयांतील नकाशासारखा खाली ओढायचा तो पांढरा पडदा आठवून पाहावा.

१२/
तिसरा पूर्वज ओव्हरहेड प्रोजेक्टर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने तो प्रशिक्षणासाठी वापरला. पुढे थ्रीएम कंपनीने त्याला शाळा आणि कार्यालयांत पोचवले. वरची काच पुन्हा जवळजवळ चौरस, बाजू दहा-अकरा इंचांची. तिच्यावर ठेवायची पारदर्शिका मात्र कागदाच्या आकाराची. टंकलिखित पानाची थेट प्रत काढली की पारदर्शिका उभी होई. मोठा तक्ता असला की ती फिरवून आडवी ठेवत. दिशा वक्त्याच्या मनगटात होती.

१३/
या जगात पॉवरपॉइंट जन्माला आले. कॅलिफोर्नियातील फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स १९८४ मध्ये दाखल झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी ‘प्रेझेंटर’ या नियोजित प्रोग्रॅमचा दोन पानी प्रस्ताव लिहिला. डेनिस ऑस्टिन आणि पुढे टॉम रुडकिन यांनी तो प्रत्यक्षात उतरवला. नाव बदलून पॉवरपॉइंट झाले, २० एप्रिल १९८७ रोजी ते मॅकिंटॉशसाठी बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलर्सना फोरथॉट विकत घेतली.

१४/
पहिले पॉवरपॉइंट पडद्यासाठी नव्हतेच, हे आज सहसा लक्षात येत नाही. ते कृष्णधवल होते आणि छापण्यासाठी होते. संगणकावर रचायचे, प्रिंटरवर कागद काढायचे, त्यांच्या पारदर्शिका करायच्या. सोबत वक्त्याची टिपणे आणि श्रोत्यांना वाटायची पाने. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीने रंगीत ३५ मिलिमीटर स्लाइड्सची सोय केली: फाइल मोडेमवरून जेनिग्राफिक्स कंपनीकडे धाडायची आणि तयार स्लाइड्स परत यायच्या.

१५/
आजही ‘स्लाइड साइझ’ची खिडकी उघडली तर तिथे दिशेचे प्रश्न दोन असतात. एक स्लाइड्ससाठी, दुसरा टिपणे आणि वाटपाच्या पानांसाठी. पहिल्याचे ठरलेले उत्तर ‘आडवे’, दुसऱ्याचे ‘उभे’. नवख्याला हा घोळ वाटतो. खरे तर ती १९८० च्या दशकातील बैठकीची खोली आहे: समोर भिंतीवर चित्र, हातात कागद. वर्ड आणि पॉवरपॉइंट यांच्यातील ज्या फरकापासून आपण निघालो, तो फरक या एकाच खिडकीत मावला आहे.

१६/
थोडे विषयांतर. संगणकाचा पडदा आडवाच असणार, हेही आधी ठरलेले नव्हते. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये बनलेल्या आल्टो संगणकाचा पडदा उभा होता, ६०६ बिंदू रुंद आणि ८०८ बिंदू उंच, कारण निर्मात्यांच्या डोळ्यांसमोर कागद होता. १९८४ चा मॅकिंटॉश मात्र ५१२ बाय ३४२, आडवा. आयबीएमचे ६४० बाय ४८० चे व्हीजीए १९८७ चे, म्हणजे पॉवरपॉइंटच्याच वयाचे. चित्रनळ्या दूरचित्रवाणीसाठी लाखोंनी बनत होत्या; उभ्या पडद्याचे स्वप्न त्या बाजारभावापुढे टिकणे कठीण होते.

१७/
निर्णायक वळण १९९० नंतरचे. २५ फेब्रुवारी १९९२ रोजी पॅरिसच्या हॉटेल रेजिनामध्ये मायक्रोसॉफ्टच्याच लोकांसमोर गॅस्किन्स यांनी लॅपटॉप थेट रंगीत व्हिडिओ प्रोजेक्टरला जोडला आणि पॉवरपॉइंट ३ मधून भाषण केले. पारदर्शिका नाही, फिल्म नाही. पुढील दहा-बारा वर्षांत ही रीत सर्वत्र पसरली. २००४ मध्ये कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणे थांबवले.

१८/
यात काय हरवले ते मोजता येते. जुन्या चौरस पडद्यावर उभे आणि आडवे चित्र सारखेच मोठे दिसे. व्हिडिओ प्रोजेक्टर हा दूरचित्रवाणीच्या कुळातला. त्याचा प्रकाशच ४:३ चा आयत होऊन पडतो. त्यावर ३:४ ची उभी स्लाइड दाखवली तर ती आयताचा ५६ टक्के भाग व्यापते, उरलेला काळा. पुढे रुंद दूरचित्रवाणीसाठी १६:९ हे प्रमाण ठरले आणि पॉवरपॉइंटने २०१३ च्या आवृत्तीपासून तेच मूळ धरले. या पडद्यावर ९:१६ ची उभी स्लाइड जेमतेम ३२ टक्के जागा घेते. उभ्या स्लाइडला कुणी बंदी घातली नाही. तिला दाखवण्याची किंमत तेवढी वाढत गेली.

१९/
आता ते नसलेले भोक. पॉवरपॉइंटमधील आकारांच्या यादीत ‘३५ एमएम स्लाइड्स’ आणि ‘ओव्हरहेड’ हे पर्याय अजून आहेत. पहिला ११.२५ बाय ७.५ इंच, म्हणजे बार्नाकच्या ३६ बाय २४ चेच प्रमाण. दुसरा १० बाय ७.५ इंच. अमेरिकी लेटर कागद ११ बाय ८.५ इंचांचा, तो आडवा धरून चारही बाजूंनी अर्धा इंच समास सोडा, उरतात नेमके १० बाय ७.५. हेच प्रमाण ४:३ देखील. कागद, फिल्म आणि दूरचित्रवाणी या तिघांच्या मापांचे थर त्या एका यादीत साठले आहेत, आणि नव्या १६:९ च्या स्लाइडची उंचीसुद्धा तीच जुनी ७.५ इंच आहे.

२०/
एक बंधन मात्र नवे आहे. पॉवरपॉइंटच्या एका फाइलमधील सर्व स्लाइड्सना एकच दिशा घ्यावी लागते. कॅरसेलच्या थाळीत जे सहज होते, ते इथे होत नाही. दोन दिशा हव्या असतील तर दोन फाइल्स करून त्या दुव्याने जोडायच्या. साधन पुढे गेले आणि एक मुभा मागे राहिली, असे तंत्रज्ञानाच्या इतिहासात वारंवार घडते.

२१/
याचा तुम्हा-आम्हाला काय त्रास? वीरगळ घ्या. गावकुसाबाहेर, मंदिराच्या आवारात उभे असलेले हे स्मारकशिल्प उंच असते आणि ते खालून वर वाचायचे असते. तळाच्या चौकटीत लढाई आणि वीराचा मृत्यू, मधल्या भागात अप्सरा त्याला नेताना, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्र-सूर्य. उंची रुंदीच्या तिप्पट असलेला वीरगळ १६:९ च्या स्लाइडवर पूर्ण बसवला तर तो जागेच्या १९ टक्क्यांत आकसतो. मग वक्ता काय करतो? चित्र ताणून स्लाइड भरतो. लढाईचा भाग मोठा दिसतो आणि चंद्र-सूर्य कापले जातात. श्रोते एक चकमक पाहतात. स्मारक त्यांच्या नजरेतून निसटते.

२२/
मोडी पत्राची गत याहून वाईट. मधल्या आठ ओळी वाचनीय दिसाव्यात म्हणून वरचा भाग आणि शेवट कापला जातो. म्हणजे शिक्काही गेला आणि मोर्तबही गेले. ज्या दोन खुणांवरून पत्राच्या अस्सलपणाचा विचार सुरू व्हायचा, त्याच चौकटीबाहेर. अशी कापलेली चित्रे मग स्लाइडवरून समाजमाध्यमांत जातात आणि तिथे मूळ पत्र म्हणून फिरतात. शिवकाळावरच्या वादांत अर्धे कागद पुरावा म्हणून नाचवले जातात, त्यातल्या काहींची कात्री अशी निरुपद्रवी कारणाने चाललेली असते.

२३/
मग स्लाइड उभी करावी का? सभागृहात दाखवायची असेल तर नको. वरचा हिशेब पाहा: उभी स्लाइड आडव्या पडद्यावर पडद्याच्याच उंचीपर्यंत वाढते, त्यामुळे वीरगळ तसूभरही मोठा होत नाही, फक्त बाजूची मोकळी जागा तुमच्या हातून जाते. त्यापेक्षा स्लाइड आडवी ठेवावी, पूर्ण वीरगळ एका कडेला उभा करावा आणि शेजारच्या जागेत एकेक चौकट मोठी करून दाखवावी, तळापासून माथ्यापर्यंत, वाचनाच्या खऱ्या क्रमाने. मोडी पत्रासाठी एका स्लाइडवर अखंड पत्र आणि पुढच्या स्लाइड्सवर त्याचे तुकडे वरून खाली. ‘पुश’ हे संक्रमण खालून वर लावले तर कागद हळूहळू उलगडल्यासारखा सरकतो. मला तरी त्या चमचमाटी संक्रमणांत एवढे एकच इतिहासाच्या कामाचे वाटते.

२४/
उभी स्लाइड शोभते ती जिथे अंतिम मुक्काम उभा असेल तिथे. फोनवर पाहण्याच्या चित्रमालिकेसाठी ९:१६ घ्यावे. त्यात तोच वीरगळ १९ ऐवजी ५९ टक्के जागा व्यापतो. चर्चासत्रात लावायच्या भित्तिपत्रकाला आकार स्वतः भरून द्यावा. पॉवरपॉइंट कोणतीही बाजू ५६ इंचांपर्यंत स्वीकारते, त्यामुळे ए-शून्य आकाराचे उभे पत्रक आरामात बसते. निर्णय मात्र पहिल्या स्लाइडआधी घ्यावा. नंतर दिशा बदलली की प्रोग्रॅम विचारतो, मजकूर मोठा ठेवू की मावेल एवढा लहान करू. पहिल्यात कडा कापल्या जातात, दुसऱ्यात सगळेच आकसते. दोन्हींत मांडणी पुन्हा हाताने जुळवावी लागते.

२५/
आणि त्या दुसऱ्या, दुर्लक्षित प्रश्नाचाही उपयोग आहे. टिपणांचे पान मुळातच उभे असते आणि त्यावर वेगळे चित्र लावता येते. स्लाइडवर मोडी पत्राचा तपशील दाखवा आणि त्याच स्लाइडच्या टिपणपानावर अखंड पत्र, शिक्क्यापासून मोर्तबापर्यंत, लावून ती पाने छापून श्रोत्यांच्या हाती द्या. पडद्यावर तुम्ही दुसऱ्या ओळीबद्दल बोलत असताना तिसऱ्या रांगेतली एखादी मुलगी कागदाच्या तळाशी बोट ठेवून विचारील, की मोर्तबानंतर ही बारीक अक्षरातली नोंद कसली?